हेडची हाइट सेट केली तरी चार दिवसांनी परत तेच: घासणं, सावली, डबल अक्षरं

व्हिनाईलवर छापणाऱ्या मोठ्या इंकजेट मशीनवर थोडे दिवस जरी काम केलं असेल तरी हे ओळखीचं असेल. हेड (शाईचे थेंब फवारणारा भाग) मीडियाला (ज्यावर छापतो त्या रोलला) घासलं, प्रिंटवर काळा ओरखडा आला, म्हणून हेड थोडं वर घेतलं. दोन दिवसांनी बारीक अक्षरं धूसर यायला लागली, कडेला सावली दिसायला लागली, म्हणून परत खाली घेतलं आणि परत घासलं. असं वर-खाली चालू राहतं आणि प्रत्येक वेळी वाटतं की मागच्या वेळी हाइट नीट बसली नव्हती.

मी बरेच महिने ह्यात अडकलो होतो, म्हणून आता जे समजलंय ते सविस्तर लिहितोय. हाइट बहुतेक वेळा जिथे ठेवली तिथेच असते. हलत असतं दुसरंच काहीतरी, आणि त्यातही सगळ्यात जास्त वेळा मीडियाच. मीडिया उचलतोय म्हणून हेड वर घ्यायचं हा उपाय एक-दोन तास काम उरकायला ठीक आहे, पण त्याची किंमत शार्पनेसमध्ये जाते. म्हणून स्क्रूला हात लावायच्या आधी नक्की काय हलतंय ते शोधा.

ह्यासाठी एक साधी गोष्ट आजच करून ठेवा. हेडची बेसप्लेट ज्या बोल्टांनी कॅरेजला (हेड घेऊन डावी-उजवीकडे धावणाऱ्या भागाला) धरलेली असते त्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून प्लेटवर येईल अशी एक सरळ रेघ पेंट मार्करने ओढा. पुढच्या वेळी घासलं की आधी रेघा बघा. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय, म्हणजे हाइट खरंच हललीय. सगळ्या रेघा जुळलेल्या असतील तर बोल्टांना हात लावू नका, दोष दुसरीकडे आहे. माझ्याकडे अशा रेघा ओढल्यानंतर जितक्या वेळा घासलं त्यातल्या एकाच वेळी बोल्ट सैल निघाला, बाकी प्रत्येक वेळी रेघा जशाच्या तशा होत्या.

आता गॅप म्हणजे नक्की काय ते बघू, कारण इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. नोझल प्लेटपासून (हेडच्या खालच्या, शाईच्या भोकांच्या पृष्ठभागापासून) मीडियाच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर म्हणजे खरी गॅप. आपण मोजतो मात्र बेडपासून (ज्या पृष्ठभागावरून मीडिया सरकतो तिथून), कारण बेड हलत नाही आणि मोजायला सोपा. त्यामुळे मीडियाची जाडी वजा करायला विसरायचं नाही. साधं व्हिनाईल स्वतः ०.०८ ते ०.१ मिमी असतं, कास्ट तर ०.०५ च्या आसपास, वर गोंद आणि लायनर (मागचा सोलायचा कागद) धरून सगळं मिळून साधारण पाव मिमी होतं. फ्लेक्स त्याहून जाड, अर्ध्या मिमीपर्यंत जातो. म्हणजे व्हिनाईलसाठी सेट केलेल्या मशीनवर फ्लेक्स चढवला की खरी गॅप काही न करता कमी झाली, आणि उलट केलं की वाढली. सॉल्व्हंट आणि इको-सॉल्व्हंट शाईच्या रोल मशीनमध्ये बेडपासून १.५ ते २.५ मिमी ही नेहमीची रेंज. मी सपाट बसणाऱ्या व्हिनाईलवर मीडियाच्या वरून दीड मिमीच्या आसपास ठेवतो आणि त्याच्या खाली जात नाही, कारण तिथून खाली गेल्यावर शार्पनेस फारसा वाढत नाही पण एक छोटी सुरकुती आली तरी हेड जातं.

पाव मिमीने एवढा काय फरक पडणार असं वाटतं, म्हणून हा हिशोब एकदा करून बघा. थेंब हेडमधून सुटतो तेव्हा कॅरेज धावत असते, त्यामुळे थेंब सरळ खाली न पडता कॅरेजच्या दिशेने थोडा पुढे जाऊन पडतो. समजा थेंबाचा वेग सेकंदाला ६ मीटर आणि कॅरेजचा १ मीटर. गॅप २ मिमी असेल तर थेंब खाली पोचेपर्यंत ०.३३ मिमी पुढे सरकतो. बाय-डायरेक्शनलमध्ये (जाताना-येताना दोन्ही वेळा छापताना) परतताना तेवढाच उलट दिशेला सरकतो, म्हणजे दोन्ही मिळून ०.६७ मिमीचा फरक, आणि हाच फरक आपण मशीनमध्ये बाय-डायची (दोन्ही दिशा जुळवायची) व्हॅल्यू टाकून मिटवतो. आता गॅप नुसती ०.३ मिमीने बदलली तर प्रत्येक बाजूला ०.०५, दोन्ही मिळून ०.१ मिमीची चूक आली. ७२० डीपीआयला दोन डॉटमधलं अंतर ०.०३५ मिमी असतं, म्हणजे चूक झाली जवळपास तीन डॉटची! ती उभी रेघ डबल दिसणारच, अक्षराला सावली येणारच. खरं तर थेंब हवेत जाताना मंदावतो, त्यामुळे लांबच्या गॅपला चूक ह्या हिशोबापेक्षा जास्तच निघते. हेड उचललं आणि बाय-डाय परत काढलं नाही तर प्रिंट खराब येणार हे ठरलेलंच आहे, त्यात हेडचा दोष नाही.

बाय-डाय नीट केलं तरी जास्त गॅपचे दोन तोटे उरतातच. एक म्हणजे मुख्य थेंबामागे बारीक बारीक थेंब सुटतात, ते हलके असल्याने लवकर मंदावतात आणि मागे-पुढे कुठेही पडतात, त्याचीच ती धुरकट कडा. हवा कोरडी असेल, मीडियावर स्टॅटिक असेल तर हे बारीक थेंब अजूनच भरकटतात. दुसरं म्हणजे वाकडं फेकणारं नोझल. एखादं नोझल १ अंशाने तिरकं मारत असेल तर २ मिमीवर तो डॉट ०.०३५ मिमी चुकतो, म्हणजे बरोबर एक डॉट, आणि ४ मिमीवर दोन डॉट. जुन्या हेडमध्ये अशी नोझल बरीच असतात, म्हणून जुनं हेड वर घेतलं की बँडिंग (आडव्या पट्ट्या) एकदम उघडं पडतं आणि आपण स्टेपला (मीडिया दर वेळी पुढे सरकतो त्या अंतराला) दोष देत बसतो.

बरं, आता शोधायचं कसं. पहिलं काम, हेडच्या खाली बघा. लांब दांड्याचा छोटा आरसा किंवा मोबाईलचा कॅमेरा चालतो. बऱ्याच वेळा हेडच्या कडेला शाई आणि धूळ मिळून एक गोळा झालेला असतो किंवा कापडाचा नाहीतर मीडियाच्या कडेचा एखादा धागा लटकत असतो, आणि तोच प्रिंटवर रेघा ओढत जातो. दिसायला अगदी हेड घासल्यासारखंच, हाइटचा मात्र काही संबंध नाही. ओळखायची खूण म्हणजे धाग्याची रेघ बारीक, ओली आणि बराच वेळ एकसारखी येते. हेड खरंच घासलं तर डाग रुंद असतो, फटकारा मारल्यासारखा, आणि बहुतेक वेळा आवाज पण येतो.

मग युनी-डायरेक्शनलमध्ये, म्हणजे एकाच दिशेने छापत, एक टेस्ट काढा. बारीक उभ्या रेघा आणि ६ पॉइंटचं टेक्स्ट, एकदा डावीकडे, एकदा मधे, एकदा उजवीकडे. तेच परत बाय-डायमध्ये. भिंगाखाली बघा. युनीत स्वच्छ आणि बायमध्ये डबल असेल तर बाय-डायची व्हॅल्यू आणि आत्ताची गॅप जुळत नाहीय. युनीतही कडेला धूर असेल तर गॅप खरंच जास्त आहे किंवा नोझल वाकडी मारतायत. बायमध्ये डावीकडे बरोबर, मधे थोडं डबल, उजवीकडे जास्त डबल, असं वाढत जात असेल तर बेड आणि बीम (ज्या आडव्या दांड्यावर कॅरेज धावते तो) समांतर नाहीत, आणि अशा मशीनवर कुठलीही एक व्हॅल्यू टाकून पूर्ण रुंदी बरोबर येणार नाही. एकाच जागी थोडीशी थरथर दिसली आणि पुढे परत नीट झालं तर आधी एन्कोडर पट्टी (कॅरेज कुठे आहे ते मशीनला सांगणारी बारीक रेघांची पट्टी) पुसा. आडव्या पट्ट्या सगळीकडे सारख्या अंतरावर असतील तर तो स्टेपचा विषय आहे.

आणि स्वतःला हा प्रश्न नक्की विचारा, घासतं कधी? माझ्या मते निम्मं उत्तर ह्यातच असतं.

शीट चढवल्या चढवल्या पहिल्या वीतभर भागात घासत असेल तर पुढची कड वळलेली आहे. रोल संपत आला की कोअरजवळच्या (मधल्या नळीजवळच्या) व्हिनाईलला वळण जास्त असतं, तिथे हे हमखास होतं. पुढची कड हीटर आणि सक्शनच्या पुढे चांगली बाहेर काढून, तिला वजन नाहीतर टेकअप (छापलेला मीडिया गुंडाळणारा रोलर) लावून मगच प्रिंट सुरू करायची, त्यात थोडा मीडिया वाया जातो तो जाऊ द्या.

मशीन थोडा वेळ थांबल्यावर लगेच घासत असेल, म्हणजे फाइल रिप होईपर्यंत (छपाईसाठी तयार होईपर्यंत) दहा मिनिटं गेली आणि पहिल्याच पासला (कॅरेजच्या फेरीला) ठोकलं, तर कारण हीटर. व्हिनाईल गरम झालं की पसरतं, खालचा कागदी लायनर मात्र गरम झाल्यावर ओलावा सोडून आकसतो. दोघं एकमेकांना चिकटलेले आणि दोघांची ओढ उलट्या दिशेला, मग त्या पट्ट्यात लाटा उठतात. चालू प्रिंटमध्ये मीडिया पुढे सरकत असतो म्हणून तेवढ्या उठत नाहीत, थांबला की उठतात. ह्याला उपाय म्हणजे थांबायचं असेल तर हीटर स्टँडबायला जाऊ द्यायचा, आणि परत सुरू करताना हीटरवर राहिलेला भाग पुढे ढकलून ताज्या भागावर प्रिंट घ्यायची. प्रीहीटर (छापायच्या आधीचा) आणि प्रिंट हीटर (हेडखालचा) ५ अंशाने कमी करून बघा. बरेच जण शाई लवकर सुकावी म्हणून प्रिंट हीटर चढवून ठेवतात. शाई सुकवायचं काम पोस्ट हीटर (छापून पुढे आलेल्या भागाखालचा) आणि समोरच्या पंख्याकडे द्या, हेडच्या खाली बेड जितका कमी तापवून काम भागेल तितकं बरं. शिवाय खाली बेड तापला की नोझलवरची शाई पण लवकर सुकते, तो वेगळाच त्रास.

फक्त कडा उचलत असतील तर रोल कुठे आणि कसा ठेवला होता ते बघा. ओलसर जागेत उघडा ठेवलेला रोल कडेने ओलावा पितो, लायनर कडेला पसरतो आणि कड लाटेसारखी होते. रोल पिशवीत ठेवा, जमिनीला टेकवू नका, आणि प्रिंटच्या आदल्या दिवशी मशीनच्या खोलीत आणून ठेवा म्हणजे खोलीच्या हवेशी जुळेल. खोलीत ४० ते ६० टक्के आर्द्रता असेल तर लायनर पण शांत असतो आणि स्टॅटिक पण कमी असतं.

मधेच, लांब प्रिंटमध्ये दहा-बारा मीटरनंतर घासत असेल तर मीडिया तिरका चाललाय. पिंच रोलर (मीडिया वरून दाबून धरणारे) सगळे खाली आहेत का, सगळ्यांचा दाब सारखा आहे का, एखाद्या रोलरचं रबर एका बाजूने झिजलंय का ते बघा. चढवल्यावर मीटर-दोन मीटर पुढे चालवून परत मागे घ्यायचा आणि कड तेवढ्याच जागी येते का ते तपासायचं. ह्याला दोन मिनिटं लागतात.

आणि फक्त गडद सॉलिड रंगांवर घासत असेल, फिक्या डिझाइनवर नाही, तर शाई जास्त पडतेय. सॉल्व्हंट व्हिनाईलला मऊ करतं, फुगवतं आणि ओला भाग वर उठतो. तिथे हेड उचलून उपयोग नाही, इंक लिमिट कमी करा, पास वाढवा म्हणजे मधे थोडं सुकायला वेळ मिळेल.

मीडियाच्या कडेला दाबायच्या ज्या पातळ धातूच्या पट्ट्या असतात त्यांच्याबद्दल वेगळं सांगतो. माझ्याकडे एकदा फक्त उजव्या बाजूला टकटक आवाज येत होता. मी हेड अर्धा मिमी वर घेतलं, आवाज गेला, आणि पुढचे तीन आठवडे मी सगळ्या प्रिंट धूसर काढल्या आणि बाय-डाय परत परत करत बसलो. शेवटी समजलं की उजवी पट्टी कोणाच्या तरी हातून वाकली होती आणि तिचं टोक वर आलं होतं. पट्टी सपाट केली, हेड परत खाली आणलं, प्रश्न संपला. म्हणून पट्टीच्या पूर्ण लांबीवर बोट फिरवून बघा, आणि मीडिया पट्टीच्या आत नीट गेलाय, वर चढलेला नाही, हे दर वेळी बघा.

बेड पण स्वच्छ हवा. कटिंग करताना सांडलेला गोंद, टेपचे तुकडे, वाळलेली शाई हे सगळं मिळून दोन-तीन दशांश मिमीचा उंचवटा सहज होतो. सक्शनची भोकं बुजलेली असतील तर मीडिया तिथे धरला जात नाही. सगळी साफ करा आणि लांब स्टीलची पट्टी बेडवर उभी धरून मागून टॉर्च मारा, जिथून उजेड येतो तिथे खड्डा आणि दोन खड्ड्यांच्या मधे उंचवटा.

एवढं सगळं झाल्यावर, आणि तरीही गॅप चुकीची वाटत असेल तरच, मोजायला घ्या.

मोजताना बेड कामाच्या तापमानावर हवा, कारण गार बेड आणि गरम बेड सारखे नसतात. अर्धा तास हीटर चालू ठेवा, मग मेन स्विच बंद करून प्लग काढा आणि दोन-चार मिनिटं थांबा. बेड तोपर्यंत गरमच राहतो. पॉवर चालू असताना कॅरेजखाली हात घालू नका, ती केव्हा होमिंगला (आपल्या मूळ जागी) धावेल सांगता येत नाही, आणि हेडच्या केबलजवळ शाईचा एक थेंब पडला तर हेड आणि बोर्ड दोन्ही जाऊ शकतात. कॅरेज कॅपवरून (काम नसताना हेड झाकून ठेवणाऱ्या भागावरून) काढायला कॅप आधी हाताने खाली घ्या, प्रत्येक मशीनला त्याची चकती किंवा गिअर असतो. कॅप वर असताना कॅरेज ओढली तर नोझल प्लेट कॅपच्या कडेवर घासते. आणि हेड उघडं जास्त वेळ ठेवायचं नाही, दहा मिनिटांत मोजून परत कॅपवर.

मोजायला फीलर गेज पितळेची किंवा प्लास्टिकची घ्या. स्टीलची पाती नोझल प्लेटवरून ओढली की वरचं शाई न चिकटणारं कोटिंग खरवडलं जातं, आणि त्यानंतर तिथे शाई साचत राहते. टेकवायचीच असेल तर हेडच्या कडेच्या फ्रेमला, नोझलच्या ओळींना नाही. गेज नसेल तर व्हिनाईलच्या कापलेल्या पट्ट्या एकावर एक चिकटवून दोन गठ्ठे करा, एक १.८ मिमीचा आणि एक २.० मिमीचा, मायक्रोमीटरने किंवा व्हर्नियरने मोजून. पहिला सहज जायला हवा आणि दुसरा अडायला हवा. २ मिमीची अॅक्रिलिकची पट्टी वापरत असाल तर ती पण मोजूनच घ्या, त्यावर २ लिहिलेलं असतं पण पट्टी तितकी निघतेच असं नाही.

डावीकडे, मधे, उजवीकडे तीन जागी मोजा, आणि प्रत्येक हेडच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला. आकडे कागदावर लिहा. तीन जागांमध्ये ०.१ मिमीपर्यंत फरक असेल तर चालतं. ०.२ च्या वर गेला की हाइट लावून काही होणार नाही, आधी ते सरळ करा. एका टोकाकडून दुसऱ्याकडे सारखं वाढत जात असेल तर मशीनच पिळलेलं असतं. मशीन चाकांवर उभं आहे की पायांवर ते बघा. चाकांवर सोडलेलं मशीन हादरतं आणि एक कोपरा खाली बसला की बीम आणि बेड एकमेकांशी पिळतात. पाय खाली काढून, चाकं उचलून, लेव्हल लावून घ्या. हे मला फार उशिरा कळलं आणि ह्याने बऱ्याच गोष्टी सुटल्या. फक्त मधे फरक असेल तर बेडला खालून आधार देणारे स्क्रू बघा. एका हेडचे पुढचे-मागचे आकडे वेगळे असतील तर हेड तिरकं बसलंय, बहुतेक वेळा बेसप्लेट आणि हेडच्या मधे वाळलेली शाई अडकलेली असते. शेजारच्या दोन हेडची हाइट वेगळी असेल तर दोघांचे रंग वेगवेगळ्या गॅपवरून पडतात, मग एक रंग जुळवला की दुसरा सुटतो.

हाइट नेहमी बेडच्या सगळ्यात उंच जागेवर लावायची. खोल जागेवर लावली की उंच जागी ठोकणार.

लिव्हरवाल्या मशीनमध्ये काम सोपं, लिव्हर खाचेत पूर्ण बसलाय का तेवढं बघा. अर्धवट बसलेला लिव्हर कॅरेजच्या धक्क्याने सरकतो, आणि 'चार दिवसांनी परत तेच' ह्याचं हे एक खरं कारण आहे. बोल्टवाल्यात सगळे बोल्ट पूर्ण सैल करू नका, अर्धा अर्धा आटा सैल करा म्हणजे प्लेट एकदम खाली पडणार नाही. हाइटच्या स्क्रूचा पिच लक्षात ठेवा. एम३ चा एक पूर्ण फेरा ०.५ मिमी, एम४ चा ०.७ मिमी. म्हणजे एम४ ला पाव फेरा दिला की जवळपास ०.१८ मिमी, ह्या कामात तो बराच झाला. पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी नको. घट्ट करताना समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने घट्ट करा आणि घट्ट झाल्यावर परत मोजा, कारण शेवटच्या आवळण्यात प्लेट थोडी हलतेच. मग नव्या रेघा मार्करने ओढा.

आता जे जवळजवळ सगळे विसरतात ते. हेड खाली-वर झालं की कॅप आणि वायपर (हेड पुसणारी रबरी पट्टी) जुन्याच जागी राहतात. वायपर हेडवर साधारण १ मिमी चढायला हवा. हेड वर गेलं तर वायपर पोचत नाही, शाई खाली लटकत राहते आणि मग तीच शाई प्रिंटवर पडते. हेड खाली आलं तर वायपर फार वाकतो आणि सुटताना शाईचा फवारा उडवतो. कॅपचं पण तसंच, पूर्ण दाबली गेली नाही तर रात्रभर हवा लागते आणि सकाळी नोझल गायब. 'हाइट केली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी क्लीनिंग लागतंय' असं झालं तर नवीन डॅम्पर (हेडच्या आधीचा शाईचा छोटा डबा) किंवा पंप मागवू नका, कॅपची हाइट बघा. तपासायला कॅपमध्ये क्लीनिंग सोल्युशन भरा, हेड पार्क करा आणि पंप चालवा. बसलेली कॅप ते सगळं ओढून घेते, न बसलेल्या कॅपमध्ये थोडं उरतं.

त्यानंतर कॅलिब्रेशन, आणि क्रम महत्त्वाचा. आधी नोझल चेक पूर्ण, मग हेड ते हेड अलाइनमेंट, मग बाय-डाय, आणि स्टेप सगळ्यात शेवटी. बाय-डाय ज्या वेगांवर आणि रिझोल्युशनवर तुम्ही खरंच काम करता त्या प्रत्येकाला वेगळं काढा, एकाची व्हॅल्यू दुसऱ्याला चालत नाही, कारण वर केलेल्या हिशोबात कॅरेजचा वेग आहेच. व्हिनाईल आणि फ्लेक्स दोन्ही करत असाल तर दोघांच्या व्हॅल्यू वेगवेगळ्या सेव्ह करा किंवा मशीनवर चिकटवून ठेवा, हीटर आणि गॅपच्या आकड्यासकट.

एवढं करूनही आठवड्यात परत आलं आणि रेघा जुळलेल्याच आहेत, तर पॉवर बंद करून कॅरेजची फ्रेम दोन्ही हातांनी धरा आणि हलकेच वर-खाली, पुढे-मागे डोलवा. हाताला टिक असा झटका जाणवला तर गाइड रेलवरचा ब्लॉक झिजलाय. तो झिजला की थांबलेल्या कॅरेजवर आकडा बरोबर येतो आणि धावताना, वळताना हेड झुकतं. टेस्टमध्ये चांगलं आणि पूर्ण स्पीडला खराब, असं असेल तर ब्लॉक नक्की बघा. तो बदलल्याशिवाय हाइट टिकणार नाही, मग कितीही वेळा लावा.

आणि चालू प्रिंटमध्ये ठोकलं तर लगेच थांबवा. 'ही प्रिंट होऊ दे मग बघू' असं मी एकदाच केलं आणि पुढच्या पासमध्ये उचललेला मीडिया कॅरेजखाली गोळा झाला. हेड गेलं नाही, पण एका रंगाची अर्धी नोझल गेली आणि ती परत यायला दोन दिवस लागले. थांबवा, मीडिया खालून अलगद काढा, कॅरेज ढकलून काढायची घाई नको. नोझल प्लेट कापडाने किंवा टिश्यूने अजिबात पुसू नका, फोमच्या स्वॅबने फक्त कडा साफ करा. एक नॉर्मल क्लीनिंग द्या, नोझल चेक काढा. धडकेने आत हवा जाते त्यामुळे थोडी नोझल गेलेली दिसतात, पण दहा-पंधरा मिनिटं कॅपवर ठेवून परत एक क्लीनिंग दिलं की त्यातली बरीच येतात, लगेच पाठोपाठ पाच स्ट्राँग क्लीनिंग मारू नका. नोझल आली पण रेघा वाकड्या येतायत असं असेल तर कोटिंगवर ओरखडा आहे का ते तिरक्या उजेडात बघा.

सगळं झाल्यावर मी छोट्या टेस्टवर समाधान मानत नाही. पूर्ण रुंदीची, निम्मा सॉलिड गडद रंग आणि निम्मं बारीक टेक्स्ट असलेली दोन मीटरची फाइल बनवून ठेवलीय. ती एकदा तशीच काढतो, मग हीटर चालू ठेवून मशीन पंधरा मिनिटं मुद्दाम थांबवतो आणि मीडिया पुढे न ढकलता तीच परत लावतो, हात इमर्जन्सी स्विचवर ठेवून. पहिल्या वीतभरात लाट उठते का ते बाजूने, बेडच्या पातळीवर डोळा नेऊन बघतो. उठलीच तर स्विच दाबतो, हीटर अजून ५ अंश खाली घेतो आणि हाइटला हात न लावता परत लावतो.